सीलॅकँथ: वर्गीकरण आणि वावर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माशांच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी सीलॅकँथचा विषय काढतंच. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, आणि उत्तरांत बऱ्याचदा तीस-चाळीस वर्षांपूर्वीची माहिती असते. मध्यंतरी या माशाचा नकाशा आणि वंशवृक्ष दोन्ही बदलले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

सीलॅकँथ म्हणजे नेमका कुठला मासा?

माणसाएवढा, जाड खवल्यांचा, सावकाश हलणारा मासा. आफ्रिकेकडचा गडद निळा असतो आणि अंगभर पांढुरके ठिपके असतात; इंडोनेशियातला तपकिरी. लांबी दोन मीटरपर्यंत, वजन नव्वद किलोच्या पुढेही जातं. दिवसा तो बुडालेल्या कड्यांमधल्या गुहांत बसतो आणि रात्री शिकारीला निघतो.

"खोल समुद्रातला मासा" असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हजारो मीटर खालचा काळोख येतो. सीलॅकँथ तिथला नाही. उथळ प्रवाळबागांच्या खाली खडकाळ रीफचा उतार सरळ कोसळतो, त्या उतारावरचा तो रहिवासी आहे. वरून येणारा उजेड तिथे अंधुक झालेला असतो, पण पुरता संपलेला नसतो.

वर्गीकरणात त्याची जागा कुठे?

आधी एक शब्दांचा घोळ सोडवू. मराठी जीवशास्त्रात "जाती" म्हणजे स्पीशीज आणि "प्रजाती" म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांत हे सर्रास उलटं छापतात. इथे मी जुनाच, पुस्तकी अर्थ धरला आहे.

तर: पृष्ठवंशी प्राणी, त्यांतले हाडांचे मासे, त्यांतला सार्कोप्टेरिजी म्हणजे मांसल परांचा गट, त्यातली अ‍ॅक्टिनिस्टिया ही शाखा, सीलॅकँथिफॉर्मिस हा गण, लॅटिमेरिडी हे कुल, लॅटिमेरिया ही प्रजाती. तिच्यात आज दोन जाती मानतात: लॅटिमेरिया चालुम्नी आणि लॅटिमेरिया मेनाडोएन्सिस. संपूर्ण गणात जिवंत एवढ्या दोनच.

मांसल पर म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात कळतं. पापलेट किंवा सुरमई साफ करताना छातीजवळचा पर धरून ओढून बघा. बाहेर दिसतो तो नुसता काट्यांचा आणि पातळ पडद्याचा पंखा. त्याला आधार देणारी बारीक हाडं आत, अंगाच्या भिंतीत दडलेली असतात. सीलॅकँथचा पर असा नसतो. अंगातून आधी एक मांसल दांडा बाहेर येतो, त्यात हाडांची एकामागे एक साखळी असते, आणि त्यातलं पहिलं हाड खांद्याला एकट्यानं जोडलेलं असतं, आपल्या दंडाच्या हाडासारखं. पंखा येतो तो त्या दांड्याच्या टोकाला. पोहताना डावा पुढचा पर आणि उजवा मागचा पर जोडीनं हलतात. पाल भिंतीवर पाय टाकते तसे. मात्र तो तळावर चालत नाही. पाणबुडीतून तासन्‌तास पाहणाऱ्यांनाही तो चालताना दिसलेला नाही.

आणखी खुणा आहेत. शेपटी तीन पाळ्यांची, मधली पाळी छोटीशी. पाठीच्या मणक्यांच्या जागी तेलकट द्रवानं भरलेली जाड नळी, म्हणजे पृष्ठरज्जू, आयुष्यभर तशीच राहते. कवटीत एक सांधा असतो, त्यामुळे खालच्या जबड्याबरोबर वरचा भागही उचलला जाऊन तोंड मोठं उघडतं. हा सांधा आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही पृष्ठवंशी प्राण्यात नाही. नाकाडापाशी विजेचे क्षीण प्रवाह ओळखणारं एक इंद्रिय असतं. आणि मोठ्या सीलॅकँथच्या मेंदूच्या पोकळीत मेंदू जेमतेम दीड टक्का जागा व्यापतो, उरलेली चरबी असते.

मग तो आपला पूर्वज आहे का?

नाही. लांबचा चुलत नातेवाईक आहे.

मांसल परांच्या गटातून तीन धागे निघाले: सीलॅकँथ, फुप्फुसमीन आणि चार पायांचे प्राणी. चार पायांच्या प्राण्यांत बेडूक, साप, पक्षी, गाय आणि आपण सगळे येतो. आपल्याला जवळचा कोण, सीलॅकँथ की फुप्फुसमीन, यावर बराच वाद झाला. २०१३ मध्ये सीलॅकँथचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि त्या तुलनेत कौल फुप्फुसमीनाच्या बाजूनं लागला. म्हणजे वर्गीकरणाच्या हिशेबानं सीलॅकँथ पापलेटपेक्षा आपल्याला जवळचा आहे, पण आपण त्याच्यापासून झालेलो नाही. आजचा कुठलाच जिवंत प्राणी दुसऱ्या जिवंत प्राण्याचा पूर्वज नसतो.

"जिवंत जीवाश्म" म्हणणं बरोबर आहे का?

आमच्या शाळेच्या पुस्तकात हेच दोन शब्द होते आणि मला ते फार आवडायचे. आता मी ते वापरत नाही, कारण ते चुकीचं चित्र उभं करतात: चाळीस कोटी वर्षं एकच मासा, न बदलता.

या गटाचे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, हे खरं. पण त्या काळापासून गटात कितीतरी आकार होऊन गेले. कॅनडात ट्रायासिक काळातला रेबेलॅट्रिक्स सापडला, त्याची शेपटी दुभंगलेली, वेगानं पोहणाऱ्या माशाची. स्वित्झर्लंडमधला फोरेइया आखूड आणि घुमटासारख्या डोक्याचा. मॉसोनिया तर प्रचंड होता, आणि ब्राझील-आफ्रिकेच्या नद्या-खाड्यांत राहायचा. लॅटिमेरिया या प्रजातीचा एकही जीवाश्म सापडलेला नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमारास, दगडांतून सीलॅकँथ दिसेनासे होतात. पुढचा माग थेट १९३८ सालच्या एका ट्रॉलरवर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मासेमारी बोटीवर; ती गोष्ट पुढच्याच उत्तरात.

त्याची प्रथिनं घडवणारी जनुकं संथ गतीनं बदलत आली, एवढं मात्र जनुकसंचाच्या अभ्यासात दिसलं. संथ बदलणं आणि न बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाव कसं पडलं?

"सीलॅकँथ" हा शब्द ग्रीक आहे, अर्थ पोकळ काटा. लुई अ‍ॅगासी या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात जीवाश्माच्या शेपटीतले पोकळ काटे पाहून तो दिला. तेव्हा जिवंत मासा असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

लॅटिमेरिया हे नाव मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांचं. दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन इथे एक छोटं संग्रहालय आहे. त्या तिथल्या तरुण अभिरक्षक होत्या. २२ डिसेंबर १९३८ ला कॅप्टन हेन्ड्रिक गूसेन यांच्या 'नेरीन' ट्रॉलरनं चालुम्ना नदीच्या मुखासमोर सुमारे ७० मीटर खोलीवरून जाळं ओढलं होतं. गूसेन त्यांच्यासाठी वेगळे मासे बाजूला ठेवत. ढिगातून एक निळा पर वर आलेला मार्जोरीबाईंना दिसला. मासा दीड मीटर लांब, ५७ किलो वजनाचा. टॅक्सीवाला तो गाडीत घ्यायला तयार होईना. ऐन उन्हाळा, नाताळची सुट्टी. शवागारानं आणि शीतगृहानं नकार दिला. त्यांनी माशाचं चित्र काढून ग्रॅहम्सटाउनचे मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना पाठवलं. स्मिथ सुट्टीवर होते, पत्र त्यांच्या हाती पडायला ३ जानेवारी उजाडली. सांगाडा आणि कल्ले जपा, अशी तार त्यांनी केली, पण तोवर आतले अवयव टाकून दिले गेले होते आणि उरला होता तो पेंढा भरलेला मासा.

१९३९ मध्ये स्मिथ यांनी नाव जाहीर केलं. प्रजातीचं नाव त्या बाईंवरून, जातीचं नाव त्या नदीवरून. हे सगळं लांबवून सांगितलं, कारण त्या बाईंनी त्या दिवशी "नाही जमत" म्हटलं असतं तर मासा कुजून गेला असता आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

जुन्या पुस्तकात "मलानिया" असं नाव दिसतं. ही तिसरी जाती आहे का?

नाही, तो रद्द झालेला दाखला आहे. आतले अवयव हवेत म्हणून स्मिथ यांनी शंभर पौंड बक्षिसाची पत्रकं इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वाटली. चौदा वर्षांनी, डिसेंबर १९५२ मध्ये, कोमोरो बेटांपैकी अंजुआन इथे दुसरा मासा मिळाला. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान मलान यांनी लष्करी विमान दिलं आणि स्मिथ मासा घेऊन आले. त्याला पाठीवरचा पहिला पर नव्हता, म्हणून त्यांनी ती निराळी प्रजाती मानली आणि पंतप्रधानांचं नाव दिलं. पुढे कळलं की तो पर दुखापतीनं गेला असावा, मासा लॅटिमेरियाच. एका नमुन्यावरून जाती ठरवण्याचा हा धोका.

मग दुसरी जाती कशी ठरली?

सप्टेंबर १९९७ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या मानाडो शहरात अर्नाझ मेहता आणि मार्क अर्डमन हे जोडपं हिंडत होतं. बाजारात हातगाडीवर त्यांना सीलॅकँथ दिसला. फोटो काढला, मासा विकला गेला. मग महिनोन्‌महिने कोळ्यांशी बोलणं झालं. स्थानिक लोक त्याला "राजा लाउत" म्हणत, म्हणजे समुद्राचा राजा. यातला राजा आपल्या ओळखीचाच. जुलै १९९८ मध्ये एक मासा जाळ्यातून जिवंत मिळाला. १९९९ मध्ये त्याचं मेनाडोएन्सिस हे नाव मात्र दुसऱ्याच पथकानं प्रसिद्ध केलं.

बाहेरून पाहता रंग सोडला तर फरक थोडा. ठरवलं ते डीएनएनं: मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांच्या) जनुकांत सुमारे चार टक्क्यांचं अंतर. दोन्ही ठिकाणांत जवळपास दहा हजार किलोमीटर समुद्र.

इथेही शेवटचा शब्द झालेला नाही. २०१८ मध्ये पश्चिम पापुआतल्या वाइगेओ बेटाजवळ एक सीलॅकँथ मिळाला. त्याचा डीएनए सुलावेसीच्या माशांपेक्षा इतका वेगळा निघाला की दोन्ही वंश सुमारे एक कोटी तीस लाख वर्षांपूर्वी फुटले असावेत असा हिशेब २०२० मध्ये मांडला गेला. त्याला वेगळं नाव मिळालेलं नाही. माझ्या मते ही घाई न करणंच शहाणपणाचं. मलानियाचा धडा ताजा आहे.

त्याचा वावर नक्की कुठे कुठे आहे?

याचं उत्तर वाचताना एक गोष्ट मनात धरा. सीलॅकँथचा नकाशा म्हणजे जिथे जाळी, गळ आणि पाणबुडे पोहोचले त्या जागांचा नकाशा. मासा कुठे आहे ते त्यात दिसतं; कुठे नाही, ते त्यावरून सांगता येत नाही.

१९५२ नंतर कित्येक वर्षं सगळे मासे कोमोरोतूनच येत होते. तिथले कोळी रात्री उलांडीच्या छोट्या होड्यांतून खोल पाण्यात गळ सोडत, दुसऱ्याच एका तेलकट माशासाठी. कधीमधी गळाला "गोंबेसा" लागायचा. तो त्यांच्या ओळखीचा होता. जगासाठी नवा होता एवढंच. यावरून समज झाला की सीलॅकँथ फक्त कोमोरोचा, आणि १९३८ चा मासा प्रवाहाबरोबर दक्षिणेला भरकटलेला. १९८७ मध्ये जर्मन संशोधक हान्स फ्रिके यांनी 'गेओ' नावाच्या छोट्या पाणबुडीतून कोमोरोतल्या ग्रांद कोमोर बेटाच्या उतारावर, जवळपास २०० मीटरवर, त्याला पहिल्यांदा त्याच्या घरी पोहताना पाहिलं. त्यामुळे तो समज आणखी घट्ट झाला.

मग एकेक नोंद येत गेली. १९९१ मध्ये मोझांबिकला ट्रॉलरच्या जाळ्यात एक मादी आली, तिच्या पोटात जन्माला येण्याच्या बेतातली २६ पिल्लं. १९९५ मध्ये मादागास्करचा नैऋत्य किनारा. २००१ मध्ये केनिया. २००३ पासून टांझानियात तर एकामागे एक. शार्कसाठी खोल पाण्यात टांगलेली जाळी तिथे आणि मादागास्करमध्ये वापरात आली आणि त्यांत सीलॅकँथ अडकू लागले. मासा तिथे नव्यानं आला नव्हता, जाळं नव्यानं आलं होतं. मादागास्करच्या नोंदी आता तिसाच्या वर गेल्या आहेत. मादागास्कर हेच या माशाचं जुनं माहेर असावं आणि कोमोरोची बेटं त्यामानानं कोवळी, असंही मत आहे. ते मला पटतं, कारण कोमोरोचे ज्वालामुखी भूशास्त्राच्या दृष्टीनं तरुण आहेत.

भरकटल्याची कल्पना मोडली ती २००० मध्ये. दक्षिण आफ्रिकेच्या सोडवाना उपसागरात पाण्याखाली दऱ्या आहेत. तिथल्या जेसर दरीत पाणबुड्यांना सुमारे १०४ मीटरवर तीन सीलॅकँथ दिसले. महिन्याभरानं ते चित्रीकरणासाठी परत गेले. वर येताना त्यांच्यातल्या एकाचा जीव गेला. पुढे तिथे ठिपक्यांवरून ओळखता येणारे तीसएक मासे नोंदले गेले. ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथून सव्वातीनशे किलोमीटर दक्षिणेला, ७० मीटरच्या आसपास, आणखी एक दिसला. गूसेन यांचा मासा वाट चुकलेला होता, असं म्हणायला आता आधार नाही.

इंडोनेशियाकडे सुलावेसीचा उत्तर किनारा, पापुआ, आणि आता उत्तर मालुकू. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे पाणबुड्यांनी १४५ मीटरच्या आसपास एका प्रौढ माशाचे फोटो काढले. पिल्लू मात्र दुर्मीळ: २००९ मध्ये मानाडोजवळ दूरनियंत्रित कॅमेऱ्यानं १६१ मीटरवर जेमतेम फूटभर लांबीचं एक टिपलं.

एवढ्याच पट्ट्यात का राहतो?

खोली बहुधा १०० ते ३०० मीटर, दक्षिण आफ्रिकेत त्याहून वर. पाण्याचं तापमान साधारण १४ ते २२ अंश. त्याचे कल्ले अंगाच्या मानानं छोटे आहेत आणि रक्त गार पाण्यात प्राणवायू चांगला धरतं. वरच्या कोमट पाण्यात त्याचा जीव घुसमटतो. गळाला लागून वर आलेला मासा वाचत नाही, त्यामागे हेही कारण आहे. दुसरी गरज गुहांची. एकेका गुहेत चौदा-चौदा मासे शेजारी शेजारी, एकमेकांना न छेडता दिवस काढताना दिसले आहेत.

भारताच्या समुद्रात आहे का?

आजवर खात्रीची नोंद नाही. कोकण किनाऱ्यासमोर तर तो असण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. मुंबईसमोर उथळ, गाळाचं समुद्रबूड सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलं आहे. त्याला हवे तसे कडे आणि गुहा तिथे नाहीत. शिवाय अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीत प्राणवायू अतिशय कमी असतो, नेमका त्याच्या राहण्याच्या खोलीत. लक्षद्वीपचे उतार तीव्र आहेत, तिथे कुणी १५० मीटरवर नीट कॅमेरे सोडावेत असं मनापासून वाटतं.

बंदरावर असा मासा दिसलाच तर कसा ओळखायचा?

मोठा गोब्रा आणि सीलॅकँथ यांत गल्लत होऊ शकते. शेपटी बघा: मध्ये छोटी तिसरी पाळी हवी. परांना मांसल दांडे हवेत, आणि ते पोटाखालच्या व पाठीवरच्या दुसऱ्या परालाही असतात. खवले हाताला काचपेपरसारखे लागतात. कोमोरोत सायकलची ट्यूब पंक्चर काढण्याआधी घासायला ते वापरत, असं सांगतात.

खातात का?

नाही. मांस तेलकट, मेणचट, वास उग्र, आणि खाल्लं तर पोट बिघडतं.

किती उरले आहेत, आणि कायदा काय सांगतो?

ग्रांद कोमोरच्या किनाऱ्यावर काही शे, असा फ्रिके यांच्या पथकाचा अंदाज होता. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत चालुम्नी सर्वांत गंभीर धोक्याच्या वर्गात आहे, मेनाडोएन्सिस असुरक्षित वर्गात. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार बंदी आहे. टांझानियानं टांगाजवळ खास या माशासाठी सागरी उद्यान केलं. सोडवाना आधीच संरक्षित क्षेत्रात येतं.

काळजी वाटते ती त्याच्या आयुष्याच्या गतीमुळे. २०२१ मध्ये खवल्यांवरची वाढीची वलयं नव्यानं मोजली गेली, तेव्हा आयुष्य शंभर वर्षांच्या आसपास निघालं, वयात यायला पन्नासहून अधिक वर्षं आणि गर्भारपण सुमारे पाच वर्षांचं. मादी अंडी घालत नाही. संत्र्याएवढी अंडी पोटातच वाढतात आणि फूटभर लांबीची पिल्लं जन्मतात. जाळ्यात गेलेल्या एका मादीची जागा भरायला माणसाच्या दोन पिढ्या लागतील.

महाराष्ट्राशी या माशाचा काही संबंध आहे का?

आहे, पण समुद्राशी नाही. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याच्या परिसरात, प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून नाव पडलेला एक शैलसमूह, म्हणजे एका काळात साचलेल्या खडकांचा थर, आहे, ज्युरासिक काळाच्या पूर्वार्धातला. बारापासॉरस हा प्रसिद्ध डायनोसॉर त्यातलाच. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या याच शैलसमूहातून मिळालेल्या एका माशाचं वर्णन सोहनलाल जैन यांनी १९७४ मध्ये केलं: इंडोसीलॅकँथस रोबस्टस, भारतातला पहिला जीवाश्म सीलॅकँथ. हे खडक नद्या-तळ्यांच्या गाळातून झाले. तेव्हा भारत आफ्रिका आणि मादागास्करला चिकटलेला होता.